फुलेवाडीत निरंक

साडेतीनला भिंतीवरचा पारा एकोणचाळीस.
वारा पूर्वेचा. मग काहीच नाही,
तारेवरचा टॉवेलसुद्धा हलेना.
मग एकदम वायव्येकडून, गार,
ओल्या दगडाचा वास घेऊन.
वहीत लिहिलं : वारा फिरला, ३.५२.

पहिली पाळी करून आलो होतो,
कानामागे अजून बिडाचा भुसा.
गच्चीभर पद्मिनीकाकूंच्या कुरडया.
"येणार का हो?" त्यांनी खालूनच विचारलं.
"येणार," मी म्हणालो.
बावीस वर्षं नोंदी ठेवणाऱ्या माणसाला
"माहीत नाही" म्हणायची लाज वाटते.
काकूंनी कुरडया गोळा केल्या, अर्ध्या ओल्या, अर्ध्या मोडक्या.

जोतिबाच्या डोंगरावर ढग उभा होता.
बूड काळं, माथा ऐरणीसारखा चपटा,
आणि त्या ऐरणीवर कुणी घाव घालत नव्हतं अजून.
वीज दिसली. मोजायला लागलो.
बेचाळिसाव्या सेकंदाला आवाज आला, दमलेला.
बेचाळीस भागिले तीन, चौदा किलोमीटर.
म्हणजे देवळावरच.

राखाडी पडदा उतरला तर पाऊस.
पांढरा उतरला तर गारा.
हे कुठल्या पुस्तकात वाचलं नाही,
या कठड्याला टेकून टेकून कळलं,
कठड्याचा रंग तेवढ्या जागी गेलाय.

पांढरा उतरला.

फोन केला. धोंडीराम मिटके, नारळाचं दुकान, दक्षिण दरवाजा.
"ऐक," म्हणाला, आणि फोन पत्र्याकडे धरला.
मी ऐकत राहिलो.
आमच्या शॉपमध्ये बोल्टांची पाटी उलटते तसं,
फक्त ती उलटायची थांबतच नाही.
"केवढ्या आहेत?"
"सुपारीएवढ्या. थांब, आवळ्याएवढ्या."
"मिलिमीटरमध्ये सांग."
"मिलिमीटर तुझ्या कारखान्यात!"

एकदा, एकदाच, गार माझ्या गच्चीवर पडली होती.
व्हर्नियरच्या जबड्यात धरली. अठरा पूर्णांक चार.
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, सतरा पूर्णांक नऊ.
लिहायला पेन उघडलं तेव्हा
जबड्यात काही नव्हतं, स्क्रूवर एक थेंब.
लोखंड असं करत नाही.
लोखंड आकडा वाचेपर्यंत तरी थांबतं.

पाच वाजता पडदा सरकला.
दुर्बिणीत डोंगराची वरची कड दिसली, पांढरी.
चैत्रातली यात्रा होऊन सहाच दिवस झालेले,
कौलांवर, पायऱ्यांवर बोटभर गुलाल अजून तसाच,
त्यावर हे. कड पांढरी, मग गुलाबी,
मग पुन्हा नेहमीचा भाजका डोंगर.
बर्फाच्या गावाला मी कधी गेलो नाही.
रजा साठते, साठते आणि कुणाच्या तरी लग्नात जाते.
माझ्या वाट्याला वर्षाकाठी ही कड,
फार तर बारा मिनिटं.

रात्री धोंडीराम आला, मोटारसायकलवर,
पोटाशी चहाचा थर्मास बांधून.
"नऊ घातल्यात. निवडून. सगळ्यात मोठ्या."
झाकण फिरवताना दोघंही गप्प.
आत गुलाबी पाणी.
तो थर्मासकडे असा बघत राहिला
जसं कुणी वाटेत हात घातला असावा.
मापपात्रात ओतलं. एकतीस मिलिलिटर.
तळाशी पांढरं काहीतरी.
"राहिली! एक राहिली!" धोंडीराम ओरडला.
चिमट्याने उचलली.
खोबरं होतं. यात्रेतलं, कुणीतरी उधळलेलं.

वही ओढली. तारीख. कमाल एकोणचाळीस.
वारा फिरला. गडगडाट, वायव्येस.
पर्जन्य : निरंक.
रंगाचा रकाना माझ्या वहीत नाही.
शेऱ्यात काय लिहावं यावर बराच वेळ गेला,
शेवटी लिहिलं : कुरडया विनाकारण उचलल्या.

मग, सवयीनं,
खोबऱ्याचा तुकडा व्हर्नियरमध्ये धरला.
अकरा पूर्णांक दोन.
चष्मा पुसला.
अकरा पूर्णांक दोन.
"चांगभलं," धोंडीराम म्हणाला, आणि अर्धा मोडून तोंडात टाकला.